हलकं तेल

पंगतीत बसलेली स्वरा आघाव फरशीवर हात फिरवून वाटी शोधत होती. वाटी तिच्या गुडघ्याजवळच होती, आमटीनं भरलेली, वाफाळती. द्वारकाबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सूर्य नुकताच बालाघाटच्या डोंगराआड गेला होता आणि वऱ्हांड्यातले दिवे लागायला अजून दहा मिनिटं होती. पण त्या उजेडात द्वारकाबाईंना, अठ्ठावन्नाव्या वर्षी, समोरच्या भिंतीवरचे पाढे वाचता येत होते.

"स्वरा, वाटी कुठंय गं?"

"हाय की काकू," असं म्हणून नऊ वर्षांच्या त्या पोरीनं हात पुढे केला, आणि चारही बोटं गरम आमटीत बुडाली.

पोर रडली नाही, आणि द्वारकाबाईंना त्याचंच जास्त वाटलं. तिनं हात फ्रॉकला पुसला आणि कुणी बघितलं का म्हणून मान वळवली. हे पहिल्यांदा होत नव्हतं, हे त्यांना त्या एका हालचालीवरून कळलं.

धारूर तालुक्यातल्या सावरखडीचं हे मुलींचं वसतिगृह. ऊसतोडीची यंत्रं येऊन वीस वर्षं झाली होती, पण चढउताराच्या, तुकड्यातुकड्याच्या रानात यंत्र जात नव्हतं. तिथं अजून माणसंच लागत. ती माणसं कारखान्यांकडे जात, आणि त्यांच्या चौसष्ट मुली शाळेचं सबंध वर्ष इथं राहत. द्वारकाबाई नागरगोजे एकोणीस वर्षं इथल्या मुख्य स्वयंपाकीण होत्या, आणि पोरींसाठी सरसकट काकू.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी अंगणात काळं घोंगडं अंथरलं आणि त्यावर पांढऱ्या ज्वारीचे दाणे टाकले. एकेका मुलीला बोलावून त्या म्हणायच्या, "दहा दाणे येचून दे मला." बहुतेकींनी खेळ समजून पटापट वेचले. एकवीस जणींनी घोंगडं नुसतं चाचपलं. त्यातली एक तर घोंगड्यावर उभी राहूनच विचारत होती, "काकू, घोंगडं कुठं अंथरलंय?"

द्वारकाबाईंना हा आजार ओळखीचा होता. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी रातांधळेपणा होता. ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, दिवस मावळला की तो आईच्या पदराला धरून बसायचा. पण ते दुष्काळातलं, नुसत्या भाकरीचं पोट होतं. इथं तर ताटात भाजी होती, आठवड्याला अंडी होती, आणि तेलात सरकारनं अ-जीवनसत्त्व घातलेलं होतं. डब्यावर तसं ठळक छापलेलं होतं.

तेलाचा विचार मनात आला तशा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खाली बसल्या. कारण ते तेल त्यांच्या पोरीचं होतं.

*

प्रणिता, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होती. चार वर्षांपूर्वी सुट्टीत आली असताना तिनं आपला शोध आईला स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितला होता. तिनं दोन पोळ्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या एकाच बाजूला तूप लावलं.

"हा पित्तक्षाराचा रेणू समज. आपलं यकृत पित्त बनवतं, त्यातला. याची एक बाजू पाण्याला धरते, आणि ही तुपाची बाजू पाण्यापासून पळते. आता अशा पोळ्या पाण्यात टाकल्या तर काय करतील?"

"भिजतील."

"आई!"

"बरं, सांग."

"तुपाच्या बाजू एकमेकींना चिकटवतील, म्हणजे पाणी लागायला नको." तिनं पोळ्या तुपाकडून तुपाकडे चिकटवल्या. "असे चार, सहा, आठ रेणू पाठीला पाठ लावून बसतात. त्या गठ्ठ्याला मायसेल म्हणतात. आपण खाल्लेलं तेल-तूप पचलं, की त्याचे बारीक अंश या गठ्ठ्यात शिरतात आणि मग आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. आतड्यात सगळीकडे पाणी, आणि तेलाला तर पाण्यातून एकट्यानं जाता येत नाही. मायसेल म्हणजे त्याची होडी."

प्रणितानं शोधलेला रेणू पित्तक्षाराच्या त्या पाणी टाळणाऱ्या बाजूवर नेमका जाऊन बसत असे. बाजू अडली की पाठीला पाठ लागत नव्हती. त्याला तिच्या गटानं नाव दिलं विलगक. मात्रा अशी ठरवली की निम्मे पित्तक्षार अडावेत. मग निम्मं तेल अंगी लागतं आणि निम्मं तसंच निघून जातं. चव तीच, कढईत तडतडणं तेच. रक्तात तर विलगक शिरतच नव्हता.

चाळिशीतच मधुमेह आणि हृदयविकारानं माणसं जात होती त्या काळात, आणि गावंही त्याला अपवाद नव्हती. शहरात दोन वर्षं चाचण्या झाल्या, आकडे उत्तम आले, आणि २०४३ साली सरकारनं ठरवलं की सगळ्या सरकारी स्वयंपाकघरांत हेच तेल. दवाखाने, तुरुंग, वसतिगृहं, सगळीकडे एकच. लोक त्याला हलकं तेल म्हणू लागले. सावरखडीत पहिला डबा उतरला तेव्हा द्वारकाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि येईल त्याला सांगितलं होतं, "माझ्या पनूनं बनीवलंय."

त्याला आता आठ महिने झाले होते.

*

"आई, शक्यच नाही," प्रणिता फोनवर म्हणाली. "जीवनसत्त्वांचा आम्ही वेगळा अभ्यास केलाय. चारशे माणसांवर. थोडं कमी शोषलं जातं, म्हणून तर तेलात दुप्पट घातलंय."

"एकवीस पोरी हायेत, पनू."

"मग दुसरं काही असेल. जंत असतील. डॉक्टरांना बोलाव."

डॉक्टर आले. त्यांनी डोळे तपासले, रातांधळेपणाच आहे म्हणाले, आणि अ-जीवनसत्त्वाचा मोठा डोस सगळ्यांना पाजला. "आठ दिवसांत फरक पडेल," असं सांगून गेले. द्वारकाबाईंनी आठ दिवस वाट पाहिली, मग बारा. घोंगड्यावर आता सव्वीस जणी चाचपत होत्या.

या बारा दिवसांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी कुठल्या साहेबानं केली नसती. त्या रोज सकाळी पोरींच्या संडासात जाऊन बघत. दोन-दोन बादल्या पाणी ओतलं तरी वर तेलाचा तवंग राहत होता. डोसही त्याच वाटेनं गेला होता. जीवनसत्त्व तेलातच विरघळतं आणि तेलाबरोबरच जातं, हे पोरीनंच त्यांना पोळ्यांवर शिकवलं होतं.

तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी हलक्या तेलाचे डबे कोठीत ठेवले आणि कुलूप लावलं. गावात ज्ञानोबा तेल्याचा करडईचा घाणा होता. तिथून त्यांनी एक किटली आणली, आणि फोडणी टाकताना मदतनीस बायकांना बजावलं, "कुणी इचारलं तर माझं नाव सांगायचं. तुमाला काय म्हायती न्हाई."

लपून राहण्यासारखं ते नव्हतंच. सरकारी डब्याच्या झाकणाला चिप होती. झाकण उघडलं की जिल्ह्याच्या पडद्यावर त्या स्वयंपाकघराचा ठिपका हिरवा होई. चार दिवस झाकण उघडलं नाही की तांबडा.

पाचव्या दिवशी जिल्हा पोषण अधिकारी धनवडे स्वतः आले. मऊ बोलणारे गृहस्थ होते ते. खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले, आणि बुशशर्ट पोटाशी चिमटीत धरून दाखवला.

"मावशी, हे बघा. अठरा किलो उतरलो मी या तेलानं. साखर आटोक्यात आली. माझे वडील पन्नासाव्या वर्षी गेले, मी आज तुमच्यासमोर बसलोय. हे तेल वाईट कसं असेल?"

"तुमाला चांगलंच हाय साहेब. तुमच्या अंगावर उतरवायला अठरा किलो व्हते." द्वारकाबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या स्वराला जवळ घेतलं. "हिच्या अंगावर काय हाय उतरवायला?"

धनवड्यांनी पोरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "नियम आहे मावशी. विलगक न मिसळलेलं तेल सरकारी स्वयंपाकघरात वापरायचं नाही. मला अहवाल लिहावा लागेल."

"लिहा की. द्वारका नागरगोजेनं बंद केलं असं लिहा. वसतिगृहानं असं नका लिहू, त्यात बाकीच्या बाया येत्यात."

"आणि उद्यापासून?"

"उद्या बी करडईचंच."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पण मी इथं हाय तवर हे कुलूप निघायचं न्हाई."

त्यांनी किल्ली कनवटीला लावली. धनवड्यांनी अहवाल लिहिला, त्यांची सही घेतली आणि सुनावणीची तारीख दिली. तीन आठवड्यांनंतरची.

*

प्रणिता त्याच शनिवारी आली. एसटीतून उतरली तीच रागानं.

"तुला माहितीये का, पुण्यात काय चाललंय? शोध लावणारीच्या आईनंच तेल फेकलं, म्हणून बातमी झालीय. मोहिते सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मला एक शब्द तरी सांगायचास."

"सांगितलं व्हतं. तू जंत म्हणलीस."

प्रणितानं पिशवी खाली ठेवली. द्वारकाबाईंनी तिला भाकरी वाढली. जेवण झाल्यावर, दिवस मावळता मावळता, त्यांनी घोंगडं अंथरलं. करडईच्या तेलावर पोरी अजून आठच दिवस होत्या. सव्वीसपैकी सात जणींनी दाणे वेचले. बाकीच्या चाचपत राहिल्या. प्रणिता आधी पायरीवर बसली होती, मग उठून घोंगड्याशेजारी उकिडवी बसली. समोर एक पोर दोन्ही तळहात घोंगड्यावर पसरून, डोळे मोठे करून, तिच्याकडेच तोंड करून बसली होती आणि तिला बघत नव्हती.

"ताई, तुमी काकूंची पोर ना?" आवाजावरून अंदाज घेत तिनं विचारलं. "तुमी शास्त्रज्ञ हाव ना?"

"हो," प्रणिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "मला मोजायला हवं. माझ्याकडे एक कॅप्सूल आहे. शेंगदाण्याएवढी. गिळली की आतड्यातल्या पाण्यात प्रकाश टाकते. मायसेल असतील तर प्रकाश एका तऱ्हेनं विखुरतो, नसतील तर दुसऱ्या. आकडे बाहेर माझ्या यंत्रावर येतात. पण मुलींना मी ती देणार नाही. त्यांचे आईबाप इथं नाहीत, परवानगी नाही, आणि ते तेल त्यांना परत खाऊ घालणं तर..."

"पोरींना कशाला? आठ महिने त्यांच्याच पंगतीत तेच जेवण मी जेवले. ताटात तितकंच तेल. मी परत खाते हलकं तेल, दोन हप्ते. मग गिळते तुझा शेंगदाणा."

"आई, तुझ्या शरीरावर..."

"ऊस तोडून झिजलेलं शरीर हाय. त्याला पंधरा दिवसानं काय हुतंय? आन् पनू, तू बी गीळ. तू बी तेच तेल खातीस की, पुण्यात. तुझं आन् माझं शेजारी ठिवून बघ."

तसंच केलं. द्वारकाबाई चूल वेगळी मांडून स्वतःपुरतं हलक्या तेलात करून खाऊ लागल्या, आणि कुलपाची किल्ली फक्त तेवढ्यासाठी निघू लागली. तेल कोठीतल्या बरणीत आधीच काढून ठेवलेलं होतं, डब्याचं झाकण उघडावं लागत नव्हतं. प्रणिता रजा टाकून तिथंच राहिली. पंधराव्या दिवशी सकाळी दोघींनी नेहमीचं जेवण जेवून कॅप्सूल गिळली. प्रणितानं मुद्दाम पुण्याच्या मेसमधल्यासारखं, हलकं तेल सुटलेलं जेवण घेतलं होतं. मग ती यंत्रावर दोन रेषा उमटताना बघत बसली.

तिची स्वतःची रेष अपेक्षेप्रमाणे वर चढली आणि मध्यावर थांबली. निम्मे मायसेल शिल्लक. हेच तिनं चारशे माणसांत बघितलं होतं. आईची रेष तळाशीच राहिली. प्रणितानं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तासभर थांबली. दुपारपर्यंत थांबली. रेष हलली नाही.

"काय गं?" द्वारकाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मेले की काय मी आतून?"

प्रणिता आईच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता.

"आई, पित्तक्षार पाण्यात थोडे असले ना, तर ते पाठीला पाठ लावतच नाहीत. एकेकटे फिरतात. एक ठराविक संख्या ओलांडली तरच गठ्ठे बांधतात. शहरातल्या माणसाचं जेवण तेलातुपाचं, त्याच्या आतड्यात पित्त भरपूर उतरतं. त्यातलं निम्मं मी अडवलं, तरी उरलेलं त्या संख्येच्या वर राहतं. इथलं जेवण बेताच्या तेलाचं. त्यामुळे पित्ताशय आवळतं कमी. आणि लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या शरीरात यकृत पित्तही कमीच बनवतं. इथं आधीच सगळं त्या संख्येच्या जरासंच वर होतं. मी त्यातलं निम्मं अडवलं आणि उरलेलं खाली गेलं. खाली गेलं म्हणजे निम्मे मायसेल नव्हेत, आई. एकही नाही. जीवनसत्त्वाला बसायला होडीच नाही. तुझ्या यकृतात जुना साठा होता म्हणून तुला अजून दिसतंय, पोरींकडे तो नव्हता."

द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजी ज्याच्याकडं लई व्हतं त्याचं निम्मं गेलं, आन् ज्याच्याकडं थोडं व्हतं त्याचं सगळं गेलं."

"हो."

"आन् तुमच्या चारशे माणसांत आमच्यातलं कुणी नव्हतं."

"नव्हतं." प्रणितानं गुडघ्यात तोंड घातलं. "मी विचारलंही नाही, आई. मी इथली असून विचारलं नाही."

द्वारकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत घातली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रडून झालं की तुझ्या साहेबाला फोन लाव."

*

डॉ. मोहिते हे प्रणिताचे मार्गदर्शक. त्यांनी तिला एम.एस्सी.पासून घडवलं होतं. त्यांनी आकडे शांतपणे ऐकून घेतले.

"दोन माणसं, प्रणिता. त्यातली एक तुझी आई. याला कुणी पुरावा म्हणेल?"

"सर, सव्वीस मुली आहेत."

"मी नाही म्हणत नाही. कदाचित तुझं बरोबर असेल. आपण कमी मात्रेचा नवा विलगक काढू. वर्ष लागेल. पण आज तू हे बाहेर बोललीस तर सगळा कार्यक्रम कोसळेल. लाखो माणसं या तेलानं वाचतायत. सरासरी बघ."

"सर, ज्या गोष्टीला उंबरठा असतो तिथं सरासरी काही सांगत नाही. हे तुम्हीच आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलंत."

मोहिते म्हणाले, "तुझ्या आईला डबे उघडायला सांग. तोवर मी बघतो. नाहीतर या प्रकल्पावर तुझं नाव राहणार नाही."

"नाव राहू द्या सर," प्रणिता म्हणाली. "चूक माझ्या नावावरच राहिली पाहिजे. आकडे मी आज सगळ्यांना पाठवतेय." आणि तिनं ते पाठवले. संस्थेच्या नैतिकता समितीला, आरोग्य खात्याला, आणि ज्या चारशे माणसांवर चाचणी झाली होती त्यांनासुद्धा.

तिकडे द्वारकाबाईंनी, ते पंधरा दिवस चालू असतानाच, आपल्या परीनं वेगळंच चालवलं होतं. जिल्ह्यातल्या वसतिगृहांच्या स्वयंपाकिणींचा फोनवर एक गट होता. एरवी त्यावर सणाच्या शुभेच्छा आणि गॅसच्या तक्रारी येत. द्वारकाबाईंनी त्यावर आपल्या आवाजात निरोप टाकला.

"बायांनो, तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी, काळं घोंगडं अंथरा. त्यावर ज्वारीचे दाणे टाका आन् पोरांना येचायला सांगा. किती पोरं चाचपत्यात ते मला कळवा. दुसरं काय म्हणत न्हाई मी."

चार दिवसांत उत्तरं येऊ लागली. केजहून नऊ. परळीकडून चौदा. पाटोद्याहून एका बाईचा निरोप आला: "द्वारकाबाई, माझ्या इथं एकतीस हायेत. मी रोज त्यांना वरडत व्हते, ताट का सांडता म्हणून." द्वारकाबाई आकडे वहीत लिहीत गेल्या आणि प्रणिता ते तपासत गेली. तेल बंद करा असं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पण "तुमी काय केलं?" असं जिनं विचारलं, तिला त्यांनी जे केलं ते सांगितलं.

*

सुनावणी बीडला, भर दुपारी झाली. धनवडे मध्ये बसले होते, दोन्ही बाजूंना दोन सदस्य, आणि मागच्या भिंतीवर जिल्ह्याचा तो पडदा. द्वारकाबाईंना उभं राहायला सांगितलं गेलं. त्यांच्याशेजारी प्रणिता उभी राहिली.

"या कोण?" एका सदस्यानं विचारलं.

"विलगक हा रेणू मी शोधला," प्रणिता म्हणाली. "त्याबद्दलच सांगायला आलेय."

तिनं वीस मिनिटांत सगळं मांडलं, रडारड न करता, एकेक आकडा. शेवटी म्हणाली, "या बाईंनी नियम मोडला नसता तर मला माझी चूक कळली नसती. हे मी त्यांची मुलगी म्हणून बोलत नाहीये. जे मोजायला मला यंत्र लागलं, ते यांनी एका घोंगड्यावर माझ्या कितीतरी आधी मोजलं होतं."

दुसरा सदस्य खाकरला. "हे सगळं शास्त्रज्ञांनी बघावं. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. एका स्वयंपाकघरानं परवानगीशिवाय मंजूर तेल बंद केलं. एकानं असं केलं तर उद्या..." पुरावा दाखवावा म्हणून त्यानं पडद्याकडे हात केला. "सावरखडीचा ठिपका बघा. तीन आठवडे तांबडा."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. सावरखडीचा ठिपका कुठला ते ओळखू येत नव्हतं. धारूर, केज, पाटोदा, आष्टी, परळी, सगळा जिल्हा तांबडा होता. मध्ये कुठंतरी चारदोन हिरवे ठिपके होते. सगळे बघत असतानाच त्यातला एक विझून तांबडा झाला.

धनवडे खुर्चीतून वळून बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले.

"मावशी," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्ही केलंत?"

"मी माझं एक कुलूप लावलं साहेब. बाकी ज्याचं त्यानं."

"किती स्वयंपाकिणींना काढायचं आता आम्ही?"

"ते तुमी ठरवा. उद्या दुपारच्याला पोरं जेवायला बसत्यात, एवढं ध्यानात ठिवून ठरवा."

निर्णय राखून ठेवला, असं जाहीर झालं. बाहेर आल्यावर प्रणिता हसत होती. आईनं तिला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

*

दोन महिन्यांनी आदेश निघाला. मुलांच्या आणि गरोदर बायांच्या स्वयंपाकघरांत विलगक मिसळलेलं तेल वापरायचं नाही. इतरांनी ते डॉक्टरच्या सल्ल्यानं घ्यावं. आदेशात कुठंही कुणाचं नाव नव्हतं. प्रणिताला मोहित्यांनी प्रकल्पातून काढलं होतं. ती आता एका लहान प्रयोगशाळेत बसून, कमी पित्त असलेल्या माणसांत तो उंबरठा नेमका कुठं असतो ते मोजत होती. यावेळी तिची माणसं धारूर आणि केजमधली होती.

द्वारकाबाईंना मात्र सुनावणीनंतर कामावरून तात्पुरतं दूर केलं होतं. एक दिवस धनवड्यांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. प्रणिता सोबत आली. धनवड्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

"मावशी, मी वरपर्यंत भांडलोय तुमच्यासाठी. तुम्हाला परत घेतायत. फक्त एक दिलगिरीचं पत्र हवंय. परवानगी न घेता तेल बंद केलं, ही चूक झाली, एवढंच. बाकी काही नाही. सही केली की सोमवारी हजर व्हा."

द्वारकाबाईंनी कागद उलटसुलट बघितला. प्रणिता हळूच म्हणाली, "आई, सही कर. शब्द आहेत नुसते. पोरी तुझी वाट बघतायत."

"म्हायती हाय मला. रोज फोन करत्यात." त्यांनी कागद खाली ठेवला. "पण पनू, उद्या दुसरं काहीतरी नवं येईल. तेल न्हाई तर पीठ, पीठ न्हाई तर औषध. चांगल्या मनानंच आणतील. तवा कुठंतरी एक बाई ताटाकडं बघंल आन् तिला दिसंल की काहीतरी चुकतंय. तिनं इचारलं की द्वारकाबाईनं काय केलं व्हतं, तर हा कागद दावत्याल तिला. चूक झाली म्हणून लिहून दिलंय म्हणतील. तिचा हात थांबंल तिथंच."

द्वारकाबाईंनी त्यांच्या टेबलावरचा पेन घेतला, छापील मजकुरावर आडवी रेघ मारली, आणि खाली सातवीपर्यंत शिकलेल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'तेल मी बंद केलं. पोरींना दिसत नव्हतं म्हणून केलं. परत तशी वेळ आली तर परत बंद करीन. – द्वारका भानुदास नागरगोजे.'

धनवड्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. "मावशी, हे फायलीला लागलं तर तुम्हाला परत घेता येणार नाही. कधीच."

"फायलीलाच लावा. तिथंच ऱ्हाऊ द्या ते." त्यांनी शेजारच्या कोऱ्या कागदावर तोच मजकूर पुन्हा एकदा उतरवला, खाली सही केली, आणि तो दुसरा कागद धनवड्यांपुढे ठेवला.

"आन् याच्यावर मला शिक्क्यासकट पोच द्या."